कलरमधला यू कुणी खाल्ला?

शाळेत ‘सी ओ एल ओ यू आर, कलर’ असं घोकून घोकून पक्कं झालेलं असतं. पुढे कधीतरी कॉम्प्युटरवर तोच शब्द टाइप करावा, तर खाली तांबडी नागमोडी रेघ. मधला यू काढा म्हणे. ‘सेंटर’च्या शेवटी आर-ई नको, ई-आर हवं. ‘डिफेन्स’मध्ये सी कशाला, एस घाला. ‘ट्रॅव्हल्ड’मधला एक एल जास्तीचा आहे. यावर आपल्याकडे एक ठरलेला शेरा असतो: अमेरिकन माणसाला घाई फार, अक्षरं गाळत सुटलाय, खरं इंग्रजी साहेबाचंच.

शेरा ऐकायला बरा वाटतो, पण तो इतिहासाला धरून नाही. अमेरिकेत आज चालणारी बहुतेक स्पेलिंगं अमेरिकेत जन्मलेलीच नाहीत. ती इंग्लंडमधलीच, आणि त्यातली काही तर ब्रिटिशांच्या आजच्या रूपांपेक्षा जुनी. एकाच शब्दाची दोन-दोन, तीन-तीन रूपं इंग्लंडात पूर्वी सुखानं नांदत होती. पुढे एका कोशकारानं त्यातलं एक उचललं, समुद्रापलीकडच्या दुसऱ्या कोशकारानं दुसरं. अमेरिकेनं स्वतःच्या डोक्यानं काढलेली नवी रूपंही होती, नाही असं नाही. पण ती खुद्द अमेरिकनांनीच फेकून दिली.

कोश येण्याआधीचा कारभार

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यांच्याबरोबर फ्रेंच भाषा दरबारात आली. इंग्रजी लिहिणाऱ्या कारकुनांच्या हातालाही फ्रेंच वळण लागलं. ‘कलर’, ‘ऑनर’, ‘लेबर’ हे शब्द मुळात लॅटिन. लॅटिनमध्ये ‘कलर’चं स्पेलिंग सी ओ एल ओ आर, म्हणजे अगदी आजच्या अमेरिकन पद्धतीचं. हे शब्द फ्रेंचच्या वाटेनं इंग्रजीत आले, तेव्हा वाटेत त्यांच्या शेपटाला ओ-यू-आर चिकटलं. लॅटिन शिकलेला माणूस यू गाळायचा, फ्रेंच वाचणारा ठेवायचा. १६२३ मध्ये शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला मोठा संग्रह छापला गेला, त्यात ‘ऑनर’ यूसकट सापडतो आणि यूशिवायही.

छापखान्यानं तरी शिस्त लावावी, तर तसंही लगेच झालं नाही. विल्यम कॅक्स्टननं १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छपाई सुरू केली. त्या छपाईत खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवणाऱ्याला प्रत्येक ओळ दोन्ही कडांना नेमकी भिडवायची असते. ओळ तोकडी पडली की तो शब्दाचं लांब रूप घ्यायचा, जागा कमी पडली की आखूड. शेवटी एखादा ई वाढवला, एखादं जोडअक्षर सुटं केलं, की ओळ बसली. त्यामुळे एकाच पानावर एकच शब्द दोन तऱ्हांनी दिसतो, आणि त्यामागे व्याकरण नसून फक्त ओळीची लांबी असू शकते.

त्यात विद्वानांनी भर घातली. कर्ज या अर्थाचा ‘डेट’ हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता. पण मूळ लॅटिन ‘डेबिटम’ आहे हे दिसलं पाहिजे, म्हणून नंतरच्या पंडितांनी बी घुसडला. तो इंग्रजीत कधी उच्चारला गेलाच नाही. ‘नाइफ’मधला के आणि ‘नाइट’मधला जी-एच यांचं उलटं: ते एके काळी खरोखर उच्चारले जायचे. उच्चार झिजले, पण तोवर छापील रूपं थिजली होती. इंग्रजी स्पेलिंग शिकताना जो छळ होतो त्याचं बरंचसं मूळ इथे आहे: लिखाण पंधराव्या-सोळाव्या शतकातलं आणि उच्चार आत्ताचे.

लंडनचे जॉन्सन

१७५५ च्या एप्रिलमध्ये सॅम्युअल जॉन्सन यांचा इंग्रजी कोश लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. चाळीस हजारांहून जास्त शब्द, आणि जवळजवळ सगळं काम एकट्याचं. मदतीला होते ते नकलून काढणारे लेखनिक. स्पेलिंगच्या बाबतीत जॉन्सन सुधारक नव्हते. रूढी मोडण्यापेक्षा पाळलेली बरी असा त्यांचा कल. शब्द लॅटिनमधून घेतला की फ्रेंचमधून असा संशय आला, तर ते फ्रेंचच्या बाजूनं जायचे, कारण इंग्रजीनं उसनवारी जास्त फ्रेंचकडून केली असं त्यांचं म्हणणं. म्हणून ‘कलर’, ‘ऑनर’, ‘लेबर’ यूसकट कोशात बसले, आणि कोशाचा दबदबा इतका की पुढे इंग्लंडात तेच कायम झाले.

पण जॉन्सन यांच्या कोशात ‘एरर’ आणि ‘हॉरर’ हे शब्दही यूसकटच आहेत. ‘म्युझिक’ आणि ‘पब्लिक’ यांच्या शेवटी सीनंतर के आहे. आज लंडनमध्ये कुणी असं लिहीत नाही. म्हणजे जॉन्सन यांच्यानंतर खुद्द ब्रिटिशांनीही अक्षरं गाळलीच. ‘एरर’, ‘हॉरर’, ‘टेरर’, ‘एम्परर’, ‘गव्हर्नर’ यांचे यू त्यांनी काढले आणि ‘कलर’, ‘ऑनर’ यांचे ठेवले. काम अर्ध्यावर सोडलं, एवढंच. त्याचे वळ अजून दिसतात: ब्रिटिश इंग्रजीत ‘ह्यूमर’मध्ये यू आहे पण ‘ह्यूमरस’मध्ये तो गायब. ‘ऑनर’मध्ये आहे, ‘ऑनररी’मध्ये नाही. ‘लेबर’मध्ये आहे, ‘लबोरियस’मध्ये नाही. शाळेत ‘ह्यूमरस’च्या स्पेलिंगमध्ये जास्तीचा यू घालून ज्यांनी मार्क घालवले त्यांचं चुकलं खरं, पण तर्क त्यांच्याच बाजूला होता.

स्वतः जॉन्सनही सगळीकडे एकसारखे नव्हते. त्यांच्या कोशात ‘अपहिल’ दोन एलनी संपतो आणि ‘डाउनहिल’ एका एलनं. चढ चढताना दोन आणि उतरताना एक, यामागे काही तत्त्व असेल असं वाटत नाही.

कनेटिकटचा शाळामास्तर

नोआ वेब्स्टर १७५८ मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये शेतकऱ्याच्या घरी जन्मला. येल कॉलेजात शिकला, मग मास्तरकी करू लागला. तो काळ अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा. ज्यांच्याशी लढायचं त्यांचीच पुस्तकं शाळेत शिकवायची हे त्याला खटकत होतं. १७८३ मध्ये, म्हणजे इंग्लंडनं अमेरिकेचं स्वातंत्र्य मान्य केलं त्याच वर्षी, त्यानं मुलांसाठी स्पेलिंगचं छोटं पुस्तक काढलं. निळ्या वेष्टणामुळे ते पुढे ‘ब्लू-बॅक्ड स्पेलर’ याच नावानं ओळखलं गेलं आणि शंभर वर्षांत त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. गंमत अशी की त्या पहिल्या पुस्तकात वेब्स्टरची स्पेलिंगं ब्रिटिशच होती. यू होता, सगळं होतं.

मत बदललं ते पुढच्या पाच-सहा वर्षांत, आणि त्यात बेंजामिन फ्रँकलिनचा वाटा मोठा. वीज आणि राजकारण यांच्या जोडीला फ्रँकलिननं १७६८ मध्ये इंग्रजीसाठी नवी वर्णमालाच आखून ठेवली होती: सहा अक्षरं रद्द, सहा नवी. ती चालली नाही, पण वेब्स्टरच्या डोक्यात किडा सोडून गेली. १७८९ मध्ये वेब्स्टरनं स्पेलिंग सुधारण्यावर निबंध छापला. मुलांना आणि परक्यांना भाषा सोपी जाईल, हे त्यातलं एक कारण. अक्षरं कमी झाली की अठरा पानांमागे एक पान वाचेल, हा शुद्ध छापखान्याचा हिशेब. आणि तिसरं कारण सगळ्यात धूर्त: आपली स्पेलिंगं वेगळी झाली की इंग्लंडमध्ये छापलेली पुस्तकं अमेरिकेत चालणार नाहीत, ती इथेच छापावी लागतील. स्वदेशीचाच मुद्दा म्हणा ना. पाठ्यपुस्तकं विकून पोट भरणाऱ्या माणसानं तो मांडला होता, हे ध्यानात ठेवायला हवं.

वेब्स्टरला काय काय हवं होतं ते पाहिलं की आजची अमेरिकन स्पेलिंगं अगदी मवाळ वाटतात. जीभ या अर्थाचा ‘टंग’ त्याला टी यू एन जी असा लिहायचा होता. ‘विमेन’ म्हणजे डब्ल्यू आय डबल एम ई एन. ‘डॉटर’मधले जी-एच काढून डी ए डब्ल्यू टी ई आर. ‘मशीन’ एम ए एस एच ई ई एन. ‘हेड’ आणि ‘ब्रेड’मधला ए हद्दपार. मराठी माणसाला यात वेडेपणा दिसणार नाही, कारण बोलावं तसं लिहावं हे आपल्याला अंगवळणी पडलेलं. पण अमेरिकन वाचक हसले, चिडले, आणि वेब्स्टरला एक-एक पाऊल मागे घ्यावं लागलं.

१८०६ मध्ये त्याचा छोटा कोश आला आणि १८२८ मध्ये मोठा, दोन खंडांचा, सुमारे सत्तर हजार शब्दांचा. तेव्हा त्याचं वय सत्तरीला टेकलं होतं. कोश महाग होता, फारसा खपला नाही. पण १८४३ मध्ये वेब्स्टर वारल्यावर स्प्रिंगफील्डच्या मेरियम बंधूंनी त्याचे हक्क घेतले, कोश स्वस्त केला, आणि आजही अमेरिकेत घरोघरी असलेला ‘मेरियम-वेब्स्टर’ तो हाच.

त्या कोशातून लोकांनी उचललं काय, तर यू नसलेला ‘कलर’, ई-आरवाला ‘सेंटर’, के नसलेला ‘म्युझिक’: म्हणजे नेमकी ती रूपं, जी वेब्स्टरच्या आधीपासून कुठे ना कुठे छापली जात होती. वेब्स्टरच्या स्वतःच्या टाकसाळीतला ‘टंग’ आणि ‘विमेन’ कुणी घेतले नाहीत. कोशकार कितीही हट्टी असला तरी तो ओळखीच्या दोन रूपांतलं एक पुढे ढकलू शकतो; पूर्ण अनोळखी रूप वाचकाच्या गळी उतरवणं त्याला जमत नाही.

हुकूम सोडून पाहिला तर?

आपल्याकडे हे वेगळ्या तऱ्हेनं झालं. १९६२ च्या आधीचं मराठी पुस्तक उघडा: ‘मीं तें काम केलें’, ‘घरांत मुलें होतीं’. उच्चारात नसलेल्या अनुस्वारांची नुसती पखरण. मराठी साहित्य महामंडळानं नियम ठरवले, सरकारनं मान्य केले, पाठ्यपुस्तकं बदलली, आणि एका पिढीत ते अनुस्वार गेले. कुरकुर झाली, पण गेले.

इंग्रजीला असं महामंडळ नाही. फ्रेंचला अकादमी आहे, इंग्रजीला तीही नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०६ च्या ऑगस्टमध्ये सरकारी छापखान्याला हुकूम दिला की तीनशे शब्द नव्या सुटसुटीत स्पेलिंगनं छापा. त्यामागे पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशांवर चालणारं एक मंडळ होतं. तीनशेपैकी बरेच शब्द अमेरिकेत आधीपासून तसेच लिहिले जात होते, पण काही नवे होते: ‘थ्रू’ टी एच आर यू, ‘दो’ टी एच ओ. वर्तमानपत्रांनी रूझवेल्टना यथेच्छ झोडपलं, संसदेनं विरोध केला, आणि डिसेंबरपर्यंत राष्ट्राध्यक्षांना हुकूम मागे घ्यावा लागला. पुढे ‘शिकागो ट्रिब्यून’ या वर्तमानपत्रानं १९३४ पासून हाच प्रयोग चाळीसएक वर्षं चिकाटीनं केला. १९७५ मध्ये त्यांनीही नाद सोडला. अमेरिकेत रस्त्यावरच्या पाट्यांवर आणि खाण्याच्या दुकानांच्या खिडक्यांवर आखूड ‘थ्रू’ अजून दिसतो. शाळेच्या पेपरात तो लिहून चालत नाही.

आता शब्दांकडे

सेंटर, थिएटर, मीटर, लीटर: ब्रिटिश शेवट आर-ई, अमेरिकन ई-आर. यात एक खाच आहे. लांबी मोजायचा मीटर ब्रिटिश पद्धतीत आर-ईनं संपतो, पण विजेचं किंवा रिक्षाचं मीटर, म्हणजे मोजणारं यंत्र, तिथेही ई-आरनंच. अमेरिकेत दोन्ही एकच. आणि मग अमेरिकन लोक एकर, मासकर, मीडिओकर हे शब्द आर-ईनं का लिहितात? कारण सीनंतर लगेच ई आला तर इंग्रजीत त्या सीचा ‘स’ होतो, आणि एकराचा ‘एसर’ होऊन बसेल.

डबल एलचा नियम मराठी कानाला जड जातो. इंग्रजीत प्रत्येक शब्दात एका ठिकाणी आघात असतो. मराठीत शब्दाचा अर्थ असल्या आघातावर अवलंबून नसल्यानं तो आपल्याला चटकन ऐकूच येत नाही. अमेरिकन नियम असा: आघात शेवटच्या भागावर असेल तरच एल दुप्पट करायचा. ‘कंट्रोल’ म्हणताना जोर ‘ट्रोल’वर, म्हणून ‘कंट्रोल्ड’मध्ये दोन एल. ‘ट्रॅव्हल’ म्हणताना जोर ‘ट्रॅ’वर, म्हणून ‘ट्रॅव्हल्ड’मध्ये एक. ‘कॅन्सल्ड’चंही तेच. ब्रिटिश आघात पाहत बसत नाहीत, सरसकट दोन एल घालतात. तेवढ्यावर ब्रिटिश पद्धत म्हणजे जास्त अक्षरं असं समजू नका, कारण ‘फुलफिल’, ‘स्किलफुल’, ‘एन्रोल’, ‘इन्स्टॉलमेंट’ या शब्दांत उलटं आहे: ब्रिटिश एका एलवर भागवतात आणि अमेरिकन दोन खर्च करतात. आणि ‘कॅन्सलेशन’मध्ये दोन्हीकडे दोन एल. मूळ लॅटिन शब्दातही दोनच आहेत.

‘डिफेन्स’, ‘ऑफेन्स’ हे ब्रिटिश पद्धतीत सीनं, अमेरिकन पद्धतीत एसनं. खडकवासल्याच्या नॅशनल डिफेन्स अकादमीच्या नावात सी आहे. वॉशिंग्टनच्या संरक्षण खात्याच्या नावात एस. वेब्स्टरचं म्हणणं, ‘डिफेन्सिव्ह’मध्ये एस येतोच ना, मग मूळ शब्दात का नको? यात मला वेब्स्टर पटतो. ‘लायसन्स’ आणि ‘प्रॅक्टिस’ यांच्यात ब्रिटिशांनी आणखी गुंता करून ठेवलाय: नाम असेल तर सी, क्रियापद असेल तर एस. गाडी चालवायचं लायसन्स सीनं, पण लायसन्स देणं एसनं. लक्षात ठेवायला ‘ॲडव्हाइस’ आणि ‘ॲडव्हाइझ’ ही जोडी घ्या. तिथे उच्चारच वेगळा असल्यानं चूक होत नाही. सल्ला सीनं, सल्ला देणं एसनं. तेच इथे लावायचं. अमेरिकन मात्र ‘लायसन्स’ दोन्हीकडे एसनं लिहितात आणि ‘प्रॅक्टिस’ दोन्हीकडे सीनं. सोपं आहे, पण सुसंगत म्हणवत नाही.

सगळ्यात जास्त गैरसमज आहे तो एस आणि झेडचा. ‘ऑर्गनाइझ’, ‘रिअलाइझ’ यांत झेड दिसला की आपण लगेच अमेरिकन शिक्का मारतो. आता जिनिव्हाच्या इंटरनॅशनल लेबर ऑर्गनायझेशनचं नाव पाहा. ‘लेबर’मध्ये यू आहे, म्हणजे ब्रिटिश, ‘ऑर्गनायझेशन’मध्ये झेड आहे, म्हणजे अमेरिकन? तसं नाही. हा झेडही ब्रिटिशच. मूळ ग्रीक प्रत्ययात झेडच्या उच्चाराचं अक्षर आहे, लॅटिननंही तेच ठेवलं. एस आला तो फ्रेंचमधून. ऑक्सफर्डचा प्रसिद्ध कोश मुळाकडे बोट दाखवून आजवर झेडच पसंत करतो, आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी हीच ऑक्सफर्डची चाल घेतली आहे. बाकी बहुतेक ब्रिटन, तिथली वर्तमानपत्रं आणि सरकार एसवर आहेत. आपण त्यांच्या मागे: इस्रो आणि डीआरडीओ यांच्या पूर्ण नावातलं ‘ऑर्गनायझेशन’ एसनं आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं झेडनं. तेव्हा झेड दिसला म्हणून कुणी लाल पेन चालवू नये. उलट काही शब्दांत झेड कुठेच चालत नाही, अमेरिकेतही नाही: ‘ॲडव्हर्टाइज’, ‘सरप्राइज’, ‘एक्सरसाइज’, ‘सुपरवाइज’. त्यांच्यात तो ग्रीक प्रत्ययच नाही, नुसता सारखा आवाज आहे. (अमेरिकन या अक्षराला झी म्हणतात, झेड नाही. टीव्हीच्या कृपेनं तेवढी अमेरिकन बाराखडी आपल्याला घरोघरी येते.)

दवाखान्याच्या पाट्यांवर वेगळी तऱ्हा. ग्रीक-लॅटिनमधून आलेल्या वैद्यकीय शब्दांत ए-ई आणि ओ-ई अशी जोडअक्षरं असतात, ब्रिटिश ती ठेवतात, अमेरिकन नुसता ई लिहितात. बालरोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ या तिघांच्याही इंग्रजी पाट्या एकाच रस्त्यावर दोन तऱ्हांनी रंगवलेल्या दिसतील. हा नुसता शोभेचा फरक नाही. अन्ननलिकेचा ‘इसोफॅगस’ ब्रिटिश पद्धतीत ओ-ईनं सुरू होतो, अमेरिकन पद्धतीत ईनं. म्हणजे पुस्तकाच्या सूचीत तो वेगळ्याच अक्षराखाली जातो. छातीत जळजळणाऱ्या त्या आजाराचं लघुरूपसुद्धा बदलतं: अमेरिकेत जी ई आर डी, ब्रिटनमध्ये जी ओ आर डी. भारतात डॉक्टरांच्या तोंडी बहुधा पहिलंच असतं, स्पेलिंग भले ब्रिटिश लिहोत. आणि ब्रिटिशांचीही एक फजिती आहे. गर्भ या अर्थाचा ‘फीटस’ त्यांनी कित्येक वर्षं ओ-ईनं लिहिला. मूळ लॅटिनमध्ये तिथे नुसता ई आहे. ओ उगीच चिकटलेला.

धातूंची कथा याहून मजेदार. ‘ॲल्युमिनियम’ ब्रिटिश आणि ‘अलुमिनम’ अमेरिकन, हे सगळ्यांना ठाऊक. पण ‘अलुमिनम’ हे नाव दिलं कुणी, तर लंडनच्या हम्फ्री डेव्ही यांनी! १८०८ मध्ये त्यांनी आधी ‘अलुमियम’ सुचवलं, १८१२ च्या पुस्तकात ते ‘अलुमिनम’ केलं. त्यावर इंग्लंडातल्याच एका परीक्षणात तक्रार निघाली की ‘अलुमिनम’ कानाला पुरेसं अभिजात वाटत नाही, ‘ॲल्युमिनियम’ बरं. ब्रिटननं परीक्षणाचं ऐकलं. वेब्स्टरच्या १८२८ च्या कोशात मात्र डेव्हींचं रूप गेलं आणि अमेरिकेत टिकलं. १९९० मध्ये रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं दोन्ही बाजूंना एक-एक धक्का दिला: ॲल्युमिनियम ब्रिटिश पद्धतीनं लिहायचं आणि सल्फर अमेरिकन पद्धतीनं, म्हणजे पी-एच काढून एफनं.

बाकीचे शब्द सुटे सुटे आहेत, त्यांना नियम नाही. करडा ‘ग्रे’ ब्रिटिश ई-वायनं, अमेरिकन ए-वायनं. ‘टायर’ ब्रिटिश वायनं, अमेरिकन आयनं; इंग्लंडातही मध्यंतरी आयच होता, एकोणिसाव्या शतकात वाय परत आला. बँकेचा चेक पूर्वी तिकडेही सी एच ई सी के असाच लिहायचे. क्यू-यू-ई ही नंतरची नटवी. ‘प्रोग्राम’ला शेवटी एम-ई लावणं हासुद्धा एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच शौक, आणि कॉम्प्युटरच्या प्रोग्रामसाठी तो ब्रिटिशांनीच सोडून दिलाय. आपल्याकडून गेलेल्या पायजम्याचीही वाटणी झाली: पहिल्या अक्षरानंतर ब्रिटिश वाय लावतात, अमेरिकन ए. आपल्या पायजम्यात खरं तर ए आणि वाय दोन्ही हवेत.

मग आपण काय लिहायचं?

भारतातलं सरकारी, बँकेचं आणि शाळेचं इंग्रजी ब्रिटिश वळणाचं आहे. रिझर्व्ह बँक चेक क्यूनंच लिहिते, आणि इंग्रजी वर्तमानपत्रं दिल्लीच्या सरकाराला ‘सेंटर’ म्हणतात ते आर-ईनंच. तेव्हा इथल्या अर्जात, पेपरात, ऑफिसच्या पत्रात ब्रिटिश. अमेरिकेतल्या कॉलेजला अर्ज किंवा तिथल्या नियतकालिकाला लेख पाठवायचा असेल तर अमेरिकन. कुठलंही घ्या, पण वरच्या परिच्छेदात ‘कलर’ यूसकट आणि खालच्यात ‘ऑनर’ यूशिवाय असं करू नका. वाचणाऱ्याला ते अडाणीपणाचं वाटतं. तांबड्या रेघेचा उपाय सोपा आहे: वर्डमध्ये भाषेच्या यादीत इंग्रजीचे बरेच प्रकार दिलेले असतात, त्यातलं भारताचं किंवा युनायटेड किंग्डमचं इंग्रजी निवडा.

विशेषनामांना मात्र हात लावायचा नाही. मुंबईत कफ परेडला वर्ल्ड ट्रेड सेंटर आहे ते आर-ईचं, न्यूयॉर्कचं ई-आरचं. पर्ल हार्बर यूशिवाय, मग तुम्ही लंडनच्या वर्तमानपत्रात का लिहीत असेना. ऑस्ट्रेलिया एरवी यू पाळते, पण तिथल्या लेबर पक्षानं १९१२ पासून आपल्या नावातला यू काढून टाकलाय. उलट नासाच्या ‘एंडेव्हर’ या अंतराळयानाच्या नावात यू आहे, कारण ते कॅप्टन कुकच्या ब्रिटिश जहाजाच्या नावावरून ठेवलं. २००७ मध्ये उड्डाणाच्या आधी तळावर शुभेच्छांचा मोठा फलक लागला, त्यात नासाच्याच माणसांनी यू गाळला होता.

एक जागा अशी आहे जिथे पुण्यातल्या, हिंजवडीतल्या कुणालाही निवड नाही, ती म्हणजे कोड. वेबपान रंगवायच्या भाषेत ‘कलर’ यूसकट लिहिलात तर रंगच येणार नाही. ‘सेंटर’ आर-ईनं लिहिलात तर मजकूर मध्यभागी जाणार नाही. फक्त करड्या रंगाला सवलत आहे. ‘ग्रे’ ए-वायनं लिहा की ई-वायनं, ब्राउझर दोन्ही ओळखतो. आणि कुठल्या पानावरून आलात हे सर्व्हरला सांगणारा जो ‘रेफरर’ आहे, त्याचं स्पेलिंग तर दोन्ही देशांच्या हिशेबानं चूक आहे. इंटरनेटचे नियम लिहिताना त्यातला एक आर राहून गेला. लक्षात येईपर्यंत ते सगळीकडे पसरलं होतं, म्हणून तसंच ठेवलं. आता तिथे बरोबर स्पेलिंग लिहिणाऱ्याचंच काम अडतं.